यशोधनचा अ‍ॅम्प गप्प का व्हायचा

गुरुवारी संध्याकाळी ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या जगदाळ्यांच्या घरी पाय ठेवायला जागा नसे. जिन्यात चपलांचा ढीग, पायऱ्यांवर म्हातारी माणसं, बैठकीत बायका आणि मागच्या खोलीच्या दाराशी रेटारेटी. सराफ्यातले दुकानदार दुकान मुलावर सोपवून यायचे. बिर्लानगरहून बायका टेम्पो करून यायच्या. सगळ्यांना एकच गोष्ट बघायची असायची: जानेवारीत वारलेल्या यशोधनची गिटार हात न लावता वाजते.

आणि ती वाजायची. निदान एवढं तरी खरं होतं.

मागची खोली यशोधनचीच. भिंतीला लागून एक जुना तखत होता, म्हणजे लाकडी दिवाण, फळ्या जरा खचलेल्या. तखतावरच एका टोकाला काळ्या पेटीसारखा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र. त्याच्या अगदी समोर, स्टँडवर उभी केलेली लाल गिटार. तिच्या खुंट्यांना झेंडूचा हार. आणि तखताच्या दुसऱ्या टोकाला, गादीवर, एक पाय खाली सोडून बसलेले नादेश्वर महाराज.

महाराज पूर्वी लग्नाच्या वरातीत डीजे लावायचे असं कोणीतरी दबक्या आवाजात म्हणायचं. पण आता अंगावर रेशमी उपरणं होतं, बोटांत अंगठ्या होत्या आणि जिभेवर विज्ञान होतं.

"नाद क्या है? फिरीक्वेन्सी है," ते डोळे मिटून सांगायचे. "आत्मा क्या है? वो भी फिरीक्वेन्सी है. शरीर जल गया, फिरीक्वेन्सी कहां जाएगी? उसको रिसीवर चाहिए. हमारे ऋषी-मुनी ये सब जानते थे. अब अमेरिकावाले भी मान रहे हैं."

ऋषी-मुनींना अ‍ॅम्पचा प्लग कुठल्या बोर्डात लावायचा हे कसं कळलं, असं कोणी विचारत नसे.

"यशोधन बेटा, आ गए?"

सगळे श्वास रोखून बसायचे. अ‍ॅम्पचा लाल दिवा जळत असायचा, पण आवाज नाही. मग अचानक 'कट्' असं वाजून एक घरघर सुरू व्हायची. घरघरीतून एक बारीक सूर निघायचा, वाढत जायचा, इतका की खिडकीची काच थरथरू लागे. गिटारजवळ कोणीही नाही आणि तारा मात्र हलताहेत. बायका हात जोडायच्या. यशोधनची आई, शामलाताई, तखताजवळ जमिनीवर बसलेली असायची. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे यायचं, ते बाकी आठवडाभर घरात कोणाला दिसत नव्हतं.

सूर लागला म्हणजे होकार आणि तुटला म्हणजे नकार, असा महाराजांचा हिशेब. शामलाताई विचारायची, "बाळा, बरा आहेस ना?" सूर लागायचा. "थंडी नाही ना वाजत तिकडे?" सूर तुटायचा. ती पदराने डोळे पुसून हसायची.

मग दाराच्या चौकटीत उभे असलेले गोविंदराव पुढे व्हायचे. यशोधनचे वडील. शाळेत पीटीचे मास्तर म्हणून आयुष्य गेलं, पाठ कधी वाकली नव्हती. महाराजांनी त्यांना खोलीत पाऊल टाकायची मनाई केली होती, म्हणून ते चौकटीतूनच विचारत.

"यश, माफ केलंस का मला?"

सूर तुटायचा. दर गुरुवारी तुटायचा.

"बच्चा नहीं मान रहा, मास्टरजी," महाराज उसासा टाकायचे. "बहुत चोट लगी है उसको."

गोविंदराव मान खाली घालून बैठकीतून, त्या सगळ्या लोकांमधून, बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहायचे. आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली त्यांची मुलगी प्रांजली त्यांची ती पाठ बघत राहायची.

प्रांजली मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवायची. यशोधनपेक्षा मोठी, लग्न झालेलं नाही, घरातच राहणारी. गिटार आपोआप का वाजते हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तरी ती गप्प बसली होती, कारण आईने भावाच्या तेराव्यानंतर पहिल्यांदा दोन घास खाल्ले होते ते त्या आवाजानंतर.

झालं असं होतं. जानेवारीत एका कॉलेजच्या कार्यक्रमात यशोधनचा अ‍ॅम्प ऐन गाण्यात बंद पडला. दिवा चालू, आवाज गायब. त्याने वरून दोन बुक्क्या मारल्या, आवाज आला, पुन्हा गेला. पोरांनी हुर्यो केली. तो घरी आला तेव्हा गोविंदराव म्हणाले, "ते डबडं बंद पडलं ते बरंच झालं. आता तरी माणसात ये." दुसऱ्या दिवशी पुन्हा कार्यक्रम होता, म्हणून सकाळीच मोटारसायकल काढून तो दतियाच्या मित्राकडे दुसरा अ‍ॅम्प मागायला निघाला. झाशी रोडवर एवढं धुकं होतं की समोरचा उभा ट्रक त्याला दिसलाच नाही.

तेराव्यानंतर एका दुपारी शामलाताई त्याच्या खोलीत गेली. त्याच्या वस्तू जशा होत्या तशाच होत्या. गिटार तारेने अ‍ॅम्पला जोडलेली, बटणं त्याने फिरवून ठेवली होती तशीच, आवाज पूर्ण वर. तिने फक्त स्विच लावला. काही झालं नाही. ती तखतावर बसली, रडायला लागली, आणि गिटार गायला लागली.

शेजारच्या उषाताईंनी आवाज ऐकला. दोन दिवसांत त्या नादेश्वर महाराजांना घेऊन आल्या.

मार्च लागला. महाराजांनी गोविंदरावांना प्रायश्चित्त सांगितलं: एकवेळ अन्न, औषध अजिबात नाही, आणि मुलाने माफ करेपर्यंत खोलीत पाऊल नाही. गोविंदरावांना सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई लागायची. त्यांनी ती बंद केली. प्रांजली समजावून थकली.

"बाबा, हा जिवाशी खेळ आहे."

"जिवाशीच खेळलो ना मी त्याच्या," ते शांतपणे म्हणाले. "तू पेपर तपास."

एका सकाळी ते न्हाणीघरात पडले. डॉक्टर येऊन गेले, रागावून गेले. शुद्धीवर आल्यावर गोविंदरावांनी पहिला प्रश्न विचारला, "गुरुवार झाला का?"

त्या गुरुवारी प्रांजली दारात न थांबता खोलीत जाऊन बसली आणि पहिल्यांदाच गिटारकडे न बघता महाराजांकडे बघत राहिली. गर्दी फार होती. महाराजांचा एक जाडजूड शिष्य जागा नाही म्हणून तखतावरच, मधोमध बसला. गोविंदरावांनी चौकटीतून विचारलं, "माफ केलंस का?" आणि सूर तुटला नाही. चालूच राहिला. गोविंदरावांनी चौकट धरली. शामलाताईने मान वर केली.

महाराजांच्या कपाळाला आठी पडली. "ए, उतर नीचे," ते शिष्यावर खेकसले. "आसन पे बैठता है?"

शिष्य उठला. तखताची फळी वर आली, अ‍ॅम्प एक केसभर हलला आणि सूर तुटला.

"देखा? बच्चा सोच रहा था, फिर भी नहीं माना," महाराज म्हणाले.

प्रांजलीने त्यांच्या खाली सोडलेल्या पायाकडे बघितलं, ज्याच्यावर भार घेऊन ते फळी हलकी करत होते. मग दुसऱ्या पायाकडे, जो धोतराखाली फळीवर टेकलेला होता आणि हवं तेव्हा ती दाबत होता.

रविवारी आईबाबांना तिने लीलाताईंकडे, म्हणजे आत्याकडे, जेवायला पाठवलं आणि केदारला बोलावलं. केदार यशोधनच्या बँडमध्ये होता, बेस गिटार वाजवायचा. मित्र गेल्यापासून या घराचा जिना तो चढला नव्हता. खोलीच्या दारातच तो थबकला.

"ताई, सच बताऊं तो मला हे बघवत नाहीये," तो म्हणाला.

"मलाही नाही. चल, सुरू कर."

गिटार का गाते हे तिला समजलेलं होतं. अ‍ॅम्प मध्येच गप्प का होतो, ते शोधायचं होतं. दिवा जळत होता, म्हणजे वीज पोचत होती. त्यांनी गिटारपासून अ‍ॅम्पपर्यंतची तार बदलली, अ‍ॅम्प तरीही गप्प. केदारने आपली गिटार लावली, तरीही तेच. बटणं फिरवली, खरखर नाही. मग प्रांजली तखतावर बसली, 'कट्' झालं आणि आवाज आला. उठली, गेला. केदार बसला, आला.

"म्हणजे आत काहीतरी ढिलं आहे," ती म्हणाली. "फळी दबते, अ‍ॅम्प कलतो, जोड लागतो."

केदारने अ‍ॅम्प फिरवून मागची बाजू उजेडात आणली. तिथे शेजारी शेजारी दोन छिद्रं होती, आवाजात फेरफार करणारे छोटे डबे जोडण्यासाठी. एकातून आवाज बाहेर जातो, दुसऱ्यातून परत आत येतो. डबा जोडला नसेल तेव्हा आवाज दुसऱ्या छिद्रातल्या एका लहानशा पत्तीवरून जातो. केदारने मोबाइलच्या बॅटरीचा उजेड टाकला. छिद्राचा नट ढिला होता आणि पत्ती काळी पडली होती.

"याच्यामुळे?" प्रांजलीने विचारलं.

"पता नहीं. बघू." यशोधनची झोळी खुंटीला होती. केदारने त्यातून एक वीतभर लांबीची तार काढली, दोन्ही टोकांना पिना असलेली. एक पिन एका छिद्रात, दुसरी दुसऱ्यात. आता आवाजाला त्या काळ्या पत्तीवरून जायची गरज नव्हती.

गिटारवर त्याने एक सूर छेडला. आवाज भरून आला. प्रांजली तखतावर बसली, उठली, फळीवर हात आपटला. आवाज गेला नाही.

केदार हळूच खाली बसला आणि त्याने डोकं गुडघ्यात घातलं.

"ताई, ही तार त्याच्या झोळीतच होती," तो म्हणाला. "अशा दोन-तीन असायच्या त्याच्याकडे. किसी को पता होता तो... दतियाला जायची गरजच नव्हती."

प्रांजलीलाही तेच दिसलं होतं, त्याच्या आधी काही क्षण. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. रडायला आलं तेव्हा ती उठून गिटारच्या तारा पुसायला लागली, उगीचच, ओढणीच्या टोकाने.

तिने तार काढून ठेवली, अ‍ॅम्प होता तसा लावला आणि गुरुवारची वाट बघितली. आईला आधी एकटीला सांगावं असं तिला दहादा वाटलं. पण एकटीला सांगितलं असतं तर आईने महाराजांना विचारलं असतं, आणि महाराजांकडे उत्तर तयार असतं.

गुरुवारी गर्दी नेहमीसारखीच. महाराजांनी 'फिरीक्वेन्सी' सुरू केली. 'आ गए बेटा' झालं, सूर लागला. तेवढ्यात प्रांजली पुढे झाली.

"महाराज, मलाही भावाला एक विचारायचं आहे. फक्त तुम्ही तखतावरून खाली बसा."

"आसन छोडने से संपर्क टूट जाता है, बेटी."

"नक्कीच तुटतो. तो कसा तुटतो तेच विचारायचं आहे."

बैठकीत कुजबूज झाली. उषाताई म्हणाल्या, "प्रांजली, आईकडे बघ गं जरा." पण चौकटीतून गोविंदराव म्हणाले, "महाराज, उतरा ना. पोरगी बहीण आहे त्याची." ते इतक्या मऊपणे म्हणाले की महाराजांना उतरावंच लागलं. ते उतरताच सूर तुटला.

प्रांजलीने फळीवर तळवा ठेवून दाबलं. सूर लागला. उचलला, तुटला. तिने पुन्हा दाबलं.

"यश, अकबराने ग्वाल्हेरचा किल्ला तुला दिला होता का?" तिने विचारलं. गिटार गात होती. "म्हणजे हो. यश, तू यश आहेस ना?" तिने हात उचलला. गिटार गप्प झाली.

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"नास्तिक के हाथ से आत्मा खेल करती है," महाराज म्हणाले. "बेचारा बच्चा तडप रहा है."

"तो तडफडत नाहीये. ऐका सगळे." वर्गात बोलायची तशी ती बोलायला लागली. "लग्नात माइक स्पीकरसमोर नेला की शीळ वाजते, हे सगळ्यांनी ऐकलंय. ही तीच गोष्ट आहे. अ‍ॅम्पमधून घरघर येते, तिने गिटारच्या तारा हलतात. तारांखाली चुंबक आहे, ते हलणं पकडतं आणि अ‍ॅम्पला देतं. अ‍ॅम्प ते मोठं करून पुन्हा तारांवर टाकतो. फेरा चालू राहतो, सूर वाढत जातो. बघा." तिने फळी दाबली, सूर चढला, आणि दुसऱ्या हाताचा पंजा तिने तारांवर ठेवला. आवाज बसला. "आत्मा असता तर माझ्या पंजाने थांबला असता का? आणि मध्येच बंद पडतो, कारण मागे एक पत्ती काळी पडली आहे."

केदार गर्दीतून पुढे आला. त्याने ती वीतभर तार मागच्या दोन छिद्रांत लावली.

"आता या महाराज," प्रांजली म्हणाली. "आसनावर बसा. पाय दाबा, उचला. यशला नाही म्हणायला लावा."

महाराज बसले नाहीत. सराफ्यातले एक वृद्ध दुकानदार बसले, उठले, पुन्हा बसले. सूर अखंड चालू राहिला. त्यांनी काठी फळीवर आपटली. काही झालं नाही.

"हम ऐसी जगह नहीं रुकते जहां श्रद्धा की परीक्षा ली जाए," महाराज म्हणाले आणि उपरणं सावरत जिन्याकडे निघाले. त्यांना कोणी अडवलं नाही, कोणी पायाही पडलं नाही. चपला शोधायला मात्र त्यांना बराच वेळ लागला.

प्रांजलीने अ‍ॅम्पचा स्विच बंद केला. लाल दिवा विझला. सूर थांबला आणि शामलाताई म्हणाली, "पण मी बसले की तो वाजायचा."

प्रांजली तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "आई, तू बसलीस की फळी दबते."

"मी रडले की वाजायचा."

"तू बसून रडायचीस गं."

शामलाताईने मुलीकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर प्रांजलीला सोपं गेलं असतं. तिथे नुसतं दुःख होतं, जानेवारीत दवाखान्याच्या बाकावर होतं तसलंच, पुन्हा नव्याने. ती उठली आणि देवघराच्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

लोक एकेक करून उतरले, केदार तेवढा थांबला. गोविंदराव त्या सगळ्या आठवड्यांत पहिल्यांदा चौकट ओलांडून खोलीत आले. तखताच्या कडेला बसले.

"म्हणजे तो नाही म्हणाला नव्हता," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"आणि हो पण म्हणाला नव्हता."

"नाही. त्याने काहीच म्हटलं नाही. तो म्हणू शकत नाही आता."

त्यांनी त्या छोट्या तारेकडे बघितलं. ती किती साधी गोष्ट होती हे त्यांना केदारच्या चेहऱ्यावरून कळलंच असावं, कारण त्यांनी ते विचारलं नाही.

"मग मला कधीच कळणार नाही," ते म्हणाले.

"नाही कळणार," प्रांजली म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. गोविंदरावांनी तिला जवळ घेतलं. यशोधन गेल्यापासून त्या घरात कोणी कोणाला असं जवळ घेतलं नव्हतं. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी स्वतःच सुईची डबी मागितली.

शामलाताई मुलीशी बोलेनाशी झाली. स्वयंपाक करायची, वाढायची, पण बोलायची नाही. प्रांजलीने ते सोसलं. आपण आईकडून काय काढून घेतलं हे तिला माहीत होतं, आणि वडील समोर बसून पोळी खात होते हेही तिला दिसत होतं.

पुढच्या गुरुवारी ज्यांना बातमी लागली नव्हती ती माणसं आलीच. प्रांजली जिन्याशी थांबून एकेकाला सांगत होती, ज्यांना हवं त्यांना वर नेऊन फळी, पत्ती, तार दाखवत होती. काही जण पटून गेले, काही रागावून. बिर्लानगरहून शालिनीताई नावाची एक बाई आली होती. तिची मुलगी तापाने गेली होती, मुलीचा फोटो तिने छातीशी धरला होता. तिला फळी आणि पत्ती काही ऐकायचंच नव्हतं.

"मला फक्त एकदा बसू द्या तिथे," ती म्हणत होती. "एकदाच. माझी पोरगी पण गाणं म्हणायची."

तेव्हा मागून शामलाताई जिना उतरून आली. तिने त्या बाईचा हात धरला आणि तिला पायरीवर आपल्याशेजारी बसवलं.

"बसलीस तर वाजेल, बाई," ती म्हणाली. "कोणीही बसलं तरी वाजतं. मी रोज बसत होते, म्हणून सांगते. मला वाटायचं तो माझ्याशी बोलतोय, आणि इथे माझा नवरा मरायला टेकला होता तो मला दिसत नव्हता. तिथे कोणी नाही गं. जो कोणी तुला तिथे कोणी आहे म्हणून सांगेल, त्याला आधी खाली उतरायला सांग, आणि मग विचार. घरी कोण आहे तुझ्या?"

"धाकटा मुलगा आहे," शालिनीताई म्हणाली.

"जेवला का तो?"

शालिनीताईला ते आठवेना. शामलाताईने वर बघितलं आणि कितीतरी दिवसांनी मुलीला हाक मारली. "प्रांजली, डब्यात पोळ्या भर. आणि हिला टेम्पोत बसवून दे."